ड्रामाटर्ग तालमीत नेमकं करतो काय? 'संगीत शारदा'च्या निमित्ताने

तिसरीघंटा

आमच्या संस्थेच्या नव्या प्रयोगाच्या जाहिरातीत नेपथ्य, प्रकाश, संगीत यांच्या ओळीत 'ड्रामाटर्ग' असं एक पद छापलंय आणि त्यापुढे माझं नाव आहे. ते बघून ओळखीतले बरेच जण विचारतायत, तू नाटक लिहिलं नाहीस, बसवलं नाहीस, त्यात कामही करत नाहीस, मग करतेस काय? प्रश्न रास्त आहे. व्याख्या सांगत बसण्यापेक्षा सध्या जे काम चाललंय तेच इथे मांडते. तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवे आहेत.

नाटक आहे 'संगीत शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांचं, किर्लोस्कर मंडळींनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेलं. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशासाठी पोटची पोर त्याला द्यायला निघालेला कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि हे लग्न मोडायला धडपडणारा कोदंड. आमच्या दिग्दर्शकाला ते सव्वादोन तासांत, मोजक्या नटांत आणि निवडक पदांसह करायचंय. पहिलं वाचन झालं आणि तो म्हणाला, "शेवट बदलू या."

कारण असं, की बोहल्यावरचं ते लग्न वयाच्या मुद्द्यावर मोडत नाही. वधू आणि वर सगोत्र आहेत हे उघडकीला येतं म्हणून मोडतं. आमच्या संचातली सगळी मुलं विशी-पंचविशीतली. त्यांना हे वाचून धक्काच बसला. "म्हणजे म्हातारा दुसऱ्या गोत्राचा असता तर चाललं असतं?" असं शारदेचं काम करणारी मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरा संताप होता. दिग्दर्शकाच्या डोक्यात होतं की शेवटी पोलीस यावेत, किंवा शारदेनेच हार फेकून द्यावा.

माझं काम इथून सुरू झालं. मी म्हटलं, बदल जरूर, पण आधी देवलांनी असं का केलं ते बघू. घरी जाऊन त्या काळचे कायदे काढून बसले. १८९१चा संमतिवयाचा कायदा घ्या, ज्यावरून पुण्यात रणकंदन झालं आणि टिळकांनी ज्याला विरोध केला. त्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं. लग्न किती वयाला करावं, नवरा किती म्हातारा असावा, यावर त्यात एक अक्षर नाही. म्हणजे १८९९ साली कोदंडाने कचेरीत धाव घेतली असती तरी भुजंगनाथाला अडवणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. सगोत्र विवाह मात्र धर्मशास्त्राला मान्य नव्हता, आणि त्यापुढे भटजी, यजमान, वरपक्ष सगळ्यांनाच थांबावं लागे. देवलांनी मुद्दाम त्या समाजाला बंधनकारक वाटणारी एकमेव गोष्ट हातात घेतली. माझ्या मते यात लेखकाची कमजोरी नाही, त्याच्या काळाविषयीचं नेमकं ज्ञान आहे.

पुढची गंमत अशी, की नंतरच्या पन्नास वर्षांत हे सगळं उलटं झालं. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं. तो मोडणाऱ्याला शिक्षा होती, पण झालेलं लग्न त्याने रद्द होत नव्हतं. आणि १९४६च्या कायद्याने सगोत्र विवाहाची आडकाठीच काढून टाकली. म्हणजे ज्या कारणाने शारदा सुटली ते कारण आज उरलेलं नाही, आणि ज्या कारणाने ती आज सुटेल ते तेव्हा नव्हतं.

दोन-तीन पानांचं हे टिपण मी दिग्दर्शकाला दिलं. "शेवट बदलू नकोस" असं त्यात कुठेही लिहिलं नव्हतं. खाली फक्त एक प्रश्न होता: गोत्राचा उच्चार झाल्यावर मांडवातले सगळे बोलतात, त्यात शारदेला कोण काय विचारतं? त्या प्रश्नावर आमच्या तालमीत बरंच काही घडलं. शेवट मुळातलाच राहिला. पण आता त्या प्रवेशात शारदा पूर्ण वेळ बोहल्यावर उभी दिसते. मंडळी शास्त्राचा काथ्याकूट करतायत, आणि तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. एक शब्द वाढवला नाही, आणि तरीही ती संतापलेली मुलगी आता म्हणते की मला हा प्रवेश करायचाच आहे.

बसवणं दिग्दर्शकाचं, उभं राहणं नटीचं. प्रश्न माझा होता.

बाकी कामं कमी देखणी आहेत. कुठलं पद गाळलं तर पुढचं कुठलं वाक्य लंगडं पडतं ते बघायचं. प्रत्येक रन-थ्रूला, म्हणजे न थांबता केलेल्या पूर्ण तालमीला, घड्याळ लावून प्रवेशागणिक मिनिटं लिहायची. जुने शब्द नटांना समजले आहेत की नुसते पाठ झालेत ते तपासायचं. प्रेक्षकांसाठी पुस्तिका लिहायची. 'शारदा कायदा' या नाटकावरून आला असं कित्येक लोक आजही छातीठोक सांगतात. तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो. पुस्तिकेत मी ते पहिल्याच परिच्छेदात घातलंय, कारण हा गैरसमज घेऊन बसलेला प्रेक्षक नाटकभर कायद्याची वाट बघत राहील.

---

मखमलीपडदा

वाचतेय. फार छान लिहिताय. सगोत्राचा मुद्दा कधी या बाजूने पाहिलाच नव्हता.

---

विंगेतून

लेख आवडला, पण मला हे पटत नाही. मी व्यावसायिक रंगभूमीवर दिग्दर्शन करतो. तुम्ही जे सांगितलंत ते सगळं दिग्दर्शकाचं काम आहे. संहिता वाचणं, काळ समजून घेणं, काटछाट करणं, नटांना अर्थ सांगणं. जो दिग्दर्शक हे करत नाही तो दिग्दर्शकच नाही. मग हे वेगळं पद काढून आपण दिग्दर्शकाला आळशी होण्याची मुभा देतोय का?

आणि इतिहास बघा. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आलं. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. ती ब्राह्मणांची माणसांची भिंत, तिचं उघडणं-मिटणं, तिच्यातून पात्रं निघणं आणि तिच्यातच विरणं, हे सगळं या मंडळींनी तालमीत घडवलं. तिथे कुठे होता ड्रामाटर्ग? तरी नाटक जगभर गेलंच ना?

अजून एक, व्यवहाराचं. प्रयोगाच्या खर्चात नटांची नाईट (दर प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेज, थिएटरचं भाडं, टेम्पो, जाहिरात हे सगळं धरल्यावर निर्मात्याच्या हातात काय उरतं ते मला माहीत आहे. त्यात आणखी एका माणसाचे पैसे कुठून आणायचे?

---

हांबुर्गकर

मी अठरा वर्षं इथे जर्मनीत आहे, नोकरी नाटकाबाहेरची, पण नाटकं नेमाने बघतो. या पदाचा उगम माझ्याच गावातला, म्हणून थोडं लिहितो.

१७६७ साली हांबुर्गमध्ये काही व्यापारी आणि रंगकर्मींनी राष्ट्रीय नाट्यगृह काढलं. तोवर इथेही नाटक म्हणजे फिरत्या मंडळ्या, आणि दरबारात फ्रेंच नाटकांची चलती. या नाट्यगृहाने लेसिंग नावाच्या नाटककाराला पगारी ठेवलं. नाटकं लिहून देण्याचं त्याने मान्य केलं नाही. मग ठरलं की त्याने तिथल्या प्रयोगांवर नियमित लिहावं. तेच लेखन पुढे 'हांबुर्गची ड्रामाटर्जी' म्हणून प्रसिद्ध झालं. नाट्यगृहाच्याच पगारावरचा माणूस नाट्यगृहाच्याच प्रयोगाची परखड चिकित्सा करतोय, ही कल्पना तेव्हा नवीन होती आणि ती पचलीही नाही. नट-नट्या दुखावल्या, आणि लेसिंगने लवकरच अभिनयावर लिहिणं सोडून दिलं. दोनेक वर्षांत ते नाट्यगृहच बंद पडलं. नाट्यगृह गेलं, पण ते पद जर्मन रंगभूमीने ठेवून घेतलं. ज्या गेन्झमार्क्ट चौकात ते उभं होतं तिथे आज लेसिंगचा पुतळा आहे.

आज इथल्या प्रत्येक मोठ्या शहरी नाट्यगृहात पगारी ड्रामाटर्ग असतात, एक नव्हे तर तीन-चार. पुढच्या वर्षी कुठली नाटकं करायची हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. नव्या लेखकांच्या संहिता तेच वाचतात. जुन्या नाटकाची कापलेली प्रत दिग्दर्शकाबरोबर बसून तयार करतात. बऱ्याच ठिकाणी प्रयोगाच्या अर्धा तास आधी बाहेरच्या दालनात ते प्रेक्षकांशी नाटकाबद्दल बोलतात. मी थालिया थिएटरला जातो तेव्हा शक्यतो ते ऐकायला लवकर पोचतो. नाटककार ब्रेश्ट बर्लिनला आला तो १९२४ मध्ये, आणि डॉइचेस थिएटरमध्ये ड्रामाटर्ग म्हणूनच लागला. पिना बाउशच्या नृत्यनाट्यांना राइमुंड होगेसारखा ड्रामाटर्ग लाभला. म्हणजे जिथे लिहिलेली संहिताच नाही तिथेही.

विंगेतून, तुमचा दिग्दर्शकाबद्दलचा मुद्दा इथेही लोक मांडतात. इथलं उत्तर असं की दिग्दर्शक नाटकाच्या आत असतो. तालमीच्या चौथ्या आठवड्यात त्याला नाटक पहिल्यांदा बघणाऱ्याच्या नजरेने दिसणं शक्य नसतं. ड्रामाटर्ग मुद्दाम काही तालमींना येत नाही, म्हणजे ती नजर शाबूत राहते.

आपल्याकडेही हे वारं नवीन नाही. वायमारचे जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ सत्तरच्या दशकात मुंबईत आले, आणि विजयाबाई मेहतांबरोबर ब्रेश्टचं नाटक खानोलकरांच्या मराठीत 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून उभं राहिलं.

---

जुनाप्रॉम्प्टर

सगळ्यांचं वाचलं. मी नोकरी सांभाळून आयुष्यभर हौशी आणि राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांना प्रॉम्प्टर म्हणून बसलो. आता वय झालं, बसवत नाही. पण या ताईंनी लिहिलेलं वाचताना सारखं वाटत होतं, यातलं निम्मं तर आम्ही विंगेत बसून करत होतो.

प्रॉम्प्टरच्या हातात संहितेची एकच प्रत अशी असते जिच्यावर सगळे बदल असतात. नटाने गाळलेलं वाक्य, दिग्दर्शकाने फिरवलेला प्रवेश, लेखकाने आयत्या वेळी पाठवलेली चिठ्ठी. कुठलं वाक्य नट रोजच चुकतो ते मला माहीत असे. आणि माझा अनुभव असा की नट एकच वाक्य दहादा चुकतो तेव्हा बहुतेक वेळा दोष वाक्यात असतो. ते वाक्य आधीच्या वाक्यातून निघतच नसतं. मी दिग्दर्शकांना हे सांगायचो. काही ऐकायचे, काही म्हणायचे तुमचं काम पुढचा शब्द देणं, तेवढं करा.

जुन्या मंडळ्यांत हे तालीममास्तर बघत. देवल स्वतः नावाजलेले तालीममास्तर होते हे विसरू नका. ते लिहीत होते ते नटाच्या तोंडी वाक्य कसं बसेल ते कानाने ऐकून. म्हणून 'शारदा'चं गद्य अजून जिभेला अडत नाही. ताई, पदं कापा, पण गद्य कापताना शंभरदा विचार करा, एवढं माझं ऐका.

---

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे जत्रेला, उत्सवाला देवळासमोर संगीत नाटक होतं ते अजून. 'शारदा', 'सौभद्र', 'मृच्छकटिक' वर्षानुवर्षं. नट गावचेच, कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी बागायतदार. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. कला अकादमीच्या संगीत नाट्यस्पर्धेला हौशी मंडळं तयारी करून उतरतात.

आता माझा प्रश्न. तुम्ही सव्वादोन तासांत नाटक बसवलंत. तुमच्या शहरातल्या प्रेक्षकाला शेवटची बस, लोकल पकडायची असते हे समजलं. पण आमच्याकडे 'मूर्तिमंत भीती उभी' गाळलंत तर पुढच्या रांगेतले आजोबा उठून उभे राहतील, आणि ते बरोबरच असतील. त्यांना कथा पाठ आहे. पुढे काय होणार म्हणून ते येत नाहीत. आजची शारदा ते पद कसं गाते, कालच्यापेक्षा कुठे वेगळी जागा घेते, ते ऐकायला येतात. तर तुमची ती 'पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर' आमच्या प्रेक्षकाला लागूच होत नाही. मग तुमचं शास्त्र इथे काय करणार?

---

तिसरीघंटा

किती चांगले प्रतिसाद. एकेकाला उत्तर देते.

विंगेतून दादा, 'घाशीराम'चं उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलंत, मला ते माझ्या बाजूचं वाटतं. तिथे ते काम झालंच नाही असं नाही. चौघा जाणकारांत ते वाटलं गेलं, आणि तालमीला भरपूर वेळ होता. आज आमच्यासारख्या गटात दिग्दर्शकच प्रकाशाचं बघतो, तोच नटांच्या नोकऱ्यांच्या वेळा जुळवतो, तोच थिएटरच्या तारखांसाठी फोन करतो. त्याने १८९१चा कायदा कधी वाचायचा? दिग्दर्शकाला आळशी करायचा प्रश्नच नाही. उलट माझ्या टिपणांमुळे त्याचं काम वाढतं, हे तो तुम्हाला स्वतः सांगेल.

दिग्दर्शकाचा अधिकार हा मुद्दा मात्र महत्त्वाचा. आमच्यात पहिल्या दिवशी ठरलं की माझी टिपणं फक्त दिग्दर्शकाला जातील. मी नटाला परस्पर एकही सूचना देत नाही. तो चहाच्या वेळी येऊन "ताई, कसं झालं?" म्हणाला तरी नाही. दोन तोंडांनी सूचना यायला लागल्या की नट गोंधळतो आणि तालीम फुटते. हे शिस्तीचं बंधन पाळता येत नसेल त्याने या कामात पडू नये असं माझं ठाम मत आहे.

काका (जुनाप्रॉम्प्टर), तुमचं ते वाक्याबद्दलचं निरीक्षण मी वहीत लिहून घेतलंय. कालच्याच तालमीत भद्रेश्वराचं काम करणारा मुलगा एका जागी सारखा अडत होता. तुमचं वाचून मी मागे जाऊन पाहिलं. त्याच्या आधीचा आठ-दहा ओळींचा मजकूर आम्ही कापला होता, आणि ज्या वाक्याला तो उत्तर देतोय ते वाक्यच कापलेल्या भागात होतं. आज ते परत घातलं. मुलगा अडला नाही. तुम्ही पुण्यात असाल तर एका तालमीला या, मनापासून बोलावते.

मांडवीकाठ, तुमच्या प्रश्नाने मला रात्रभर विचार करायला लावलं. मला वाटतं प्रेक्षक कोण आहे हे विचारणं हेच तर या कामातलं पहिलं पाऊल. तुमच्या देवळासमोरच्या प्रयोगाला मी बसले असते तर एकही पद कापायला सांगितलं नसतं. तिथे मी वेगळंच विचारलं असतं. उदाहरणार्थ 'म्हातारा इतुका न, अवघें पाऊणशें वयमान' हे पद. सगळे हसतात, वन्समोअर पडतो. पण दुसऱ्यांदा म्हणताना त्यातलं विष वाढतं की नुसता ठेका वाढतो? पद तेच, वेळही तेवढाच. गाणाऱ्याने तो फरक केला तर पाठ असलेल्या प्रेक्षकालाही काहीतरी नवीन मिळेल. आणि हो, 'मूर्तिमंत भीती' आम्हीही ठेवलंय, संपूर्ण. ते गाळायचं धाडस कोणालाच झालं नाही.

---

विंगेतून

नटाला परस्पर सूचना नाही, हे ऐकून बरं वाटलं. माझी खरी भीती तीच होती. तरी पैशाच्या प्रश्नाला बगल दिलीत.

---

संस्कृतशिकवते

थोडं वेगळ्या बाजूने. भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या पाच अवस्था आणि पाच संधी सांगितल्या आहेत. संधी म्हणजे कथानकाचे टप्पे: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. महाविद्यालयात आम्ही ते परीक्षेपुरतं शिकवतो आणि मुलं पाठ करून विसरतात. पण नाटक तपासायला ते फार कामाचं हत्यार आहे, आणि देवल तर या परंपरेत मुरलेले होते. 'मृच्छकटिक' त्यांनी मराठीत आणलं, 'कादंबरी'वरून 'शापसंभ्रम' केलं.

आता 'शारदा'ला हे लावून बघा. आजच्या वाचकाला वाटतं लग्न मोडलं की नाटक संपलं. देवल तिथे थांबत नाहीत. मांडवातून अर्धवट उठलेली मुलगी त्या समाजात ना लग्नाची ना बिनलग्नाची. तिला पुढे कोण करणार? ती नदीवर जीव द्यायला जाते. हा विमर्श. फळ हाताशी आलं असं वाटतानाच ते निसटू पाहतं. शंकराचार्यांचा निर्णय हे निर्वहण, म्हणजे शेवटची सोडवणूक, आणि त्यातही मुद्दा शास्त्राचाच आहे की सप्तपदी झालेली नाही. म्हणजे देवलांचा प्रश्न 'हे लग्न मोडेल का' एवढाच नव्हता. 'मोडल्यावर या मुलीचं काय' हा होता. गाळताना नदीकाठचा भाग आखडलात तर नाटकाचा कणाच मोडेल. तुमच्या दोन तासांत त्याला किती वेळ मिळालाय?

---

तिसरीघंटा

@संस्कृतशिकवते, तुमचा प्रतिसाद मी तसाच्या तसा दिग्दर्शकाला पाठवला. नदीकाठाला आम्ही फारच कमी वेळ दिला होता. माझ्या घड्याळाच्या नोंदीत ते आकड्यांत दिसत होतंच, त्याचं कारण तुम्ही दिलंत. पहिल्या अंकातला विनोदी भाग थोडा आवरून ती मिनिटं तिकडे द्यायचं आज ठरलं.

---

वकिलीण

पैसे आणि श्रेय या विषयावर एक खटला सांगते. अमेरिकेत या पदाबद्दल बोलणारे सगळे तो सांगतात.

जोनाथन लार्सन नावाचा तरुण लेखक-संगीतकार न्यूयॉर्कमध्ये 'रेंट' नावाचं संगीतनाटक लिहीत होता. संहिता बरीच विस्कळीत होती. १९९५ मध्ये नाट्यसंस्थेने लिन थॉमसन यांना ड्रामाटर्ग म्हणून नेमलं, मानधन दोन हजार डॉलर. दोघांनी मिळून संहितेवर खूप काम केलं. १९९६च्या जानेवारीत पहिल्या पूर्वप्रयोगाच्या दिवशी पहाटे लार्सनचा अचानक मृत्यू झाला. नाटक प्रचंड गाजलं, ब्रॉडवेला गेलं, पुलित्झर मिळालं. थॉमसन यांनी सहलेखक म्हणून मानधनात वाटा मागितला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९८ मध्ये अपिलातही त्यांच्याविरुद्ध निकाल लागला.

निकालाचं कारण नीट समजून घ्यायला हवं. त्यांचं योगदान क्षुल्लक होतं असं कोर्टाने म्हटलं नाही. कोर्ट म्हणालं, सहलेखन व्हायला दोघांचाही तसा हेतू असावा लागतो. लार्सनने शेवटच्या मसुद्यावरही लेखक म्हणून फक्त स्वतःचं नाव आणि थॉमसन यांचं नाव ड्रामाटर्ग म्हणून घातलं होतं. नंतर उभय पक्षांत तडजोड झाली.

आपल्यासाठी यातून घेण्यासारखं हे की तालीम सुरू होण्याआधी कागद करा. साधी दोन पानं पुरतात. काम काय, मानधन एकरकमी की प्रयोगागणिक, श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कोणत्या पदाने, आणि लिहून दिलेल्या वाक्यांची मालकी कोणाची. 'शारदा'वर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही, देवल १९१६ साली गेले. पण हयात लेखकाच्या संहितेला हात लावताना लेखी परवानगी घ्याच. आपल्या १९५७च्या कायद्याचं कलम ५७ लेखकाला त्याच्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देतं, आणि हक्क विकल्यावरही तो उरतो.

---

विंगेतून

हे उपयोगी आहे. मी जाहीरपणे सांगतो, माझ्या एका नाटकाला एका ज्येष्ठ मैत्रिणीने अशीच मदत केली होती. सगळ्या तालमींना येऊन बसायची, पानंच्या पानं लिहून द्यायची. जाहिरातीत तिचं नाव 'विशेष आभार'मध्ये गेलं, प्रकाशचित्रं देणाऱ्याच्या खाली. तेव्हा सगळेच तसं करत होते. पुढच्या नाटकाला तिला रीतसर बोलावून ठरवून मानधन देईन. पद काय छापायचं ते तीच सांगेल.

दिग्दर्शकाने हे काम स्वतःही करायला हवं, हे मत मात्र कायम.

---

मखमलीपडदा

+१. 'विशेष आभार'मध्ये किती कामं गडप झाली असतील.

---

एकांकिकावाला

मी कॉलेजात आहे. पुरुषोत्तम, फिरोदिया या स्पर्धांना आमचा संच उतरतो. यंदा मला काम मिळालं नाही, पण तालमीला यायचंय. ताई, मी हे करू शकतो का? सुरुवात कशी करू? आमच्याकडे कोर्स वगैरे कोणी केलेला नाही.

---

तिसरीघंटा

@विंगेतून, मनापासून धन्यवाद. पैशाला बगल देत नाही, आकडा इथे लिहिणं बरं दिसणार नाही एवढंच. मला एकरकमी मानधन ठरलंय, प्रयोगागणिक नाईट नाही, आणि ते मला योग्य वाटतं. माझं मुख्य काम पहिल्या प्रयोगापर्यंत संपतं. नट आणि तंत्रज्ञ प्रत्येक प्रयोगाला राबतात, त्यांच्या नाईटमधून माझा वाटा निघू नये.

@एकांकिकावाला, नक्की कर. कॉलेजच्या एकांकिकेला याची सगळ्यात जास्त गरज असते, कारण संहिता नवीन असते, बऱ्याचदा तालमीतच लिहिली जात असते, आणि लेखक-दिग्दर्शक एकच मुलगा असतो. मीही शिकले ती तालमी बघूनच.

आधी दिग्दर्शकाशी बोल आणि कोणाला काय सांगायचं, केव्हा सांगायचं ते ठरव. तो नको म्हणाला तर आग्रह धरू नकोस. हो म्हणाला तर पहिल्या वाचनाला काही बोलू नकोस, फक्त कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, कुठे अंगावर आलं ते समासात लिही. पहिल्या वाचनाची ती टिपणं जपून ठेव, नंतर नाटक इतकं पाठ होतं की ती प्रतिक्रिया परत मिळत नाही. मग नाटकात जो व्यवसाय, जे गाव, जो काळ आहे तो खरा कसा चालतो ते जाऊन बघ. एकांकिकेत ऊसतोड असेल तर मुकादम उचल कशी देतो, कोयता म्हणजे किती माणसं धरतात, हे विचारून ये. संहितेत जर ते चुकलं असेल तर दिग्दर्शकाला एकट्याला गाठून सांग.

टिपण लिहिताना "हा प्रवेश लांबलाय" असं लिहू नकोस. "या प्रवेशात तिसऱ्या मिनिटाला आपल्याला कळतं की भाऊ खोटं बोलतोय, मग पुढची चार मिनिटं आपण काय कळण्याची वाट बघतो?" असं लिही. उपाय सुचवायचा मोह आवर. उपाय ते शोधतील, त्यांना तुझ्यापेक्षा चांगला सापडेल.

आणि स्पर्धेच्या अर्जावर पद छापायची सोय नसेल तर तुमच्या स्वतःच्या पत्रकावर तरी नाव घालून घे. वकिलीणबाईंनी सांगितलेला कागद मित्रामित्रांतही करा, एक पान पुरे.

आमचा पहिला प्रयोग पुढच्या महिन्यात आहे, तारीख पक्की झाली की इथेच टाकते. मांडवीकाठ, दिग्दर्शक विचारतोय की तुमच्या गावच्या उत्सवात एखादी रात्र मोकळी असते का. तिथे आलो तर पदं सगळी गाऊ, त्यासाठी वेगळी प्रत करायला मी आत्ताच बसलेय.

---

मांडवीकाठ

असते. मंडळाच्या अध्यक्षांना विचारून सांगतो. ऑर्गन आमच्याकडे आहे, तबलजीही गावचाच. फक्त गाणारी शारदा दमाची आणा.